आम्ही की आपण?

मधुकर आठल्ये यांना जगात दोन गोष्टी अजिबात खपत नसत. एक पाणचट चहा आणि दुसरा इंग्रजीतला 'वुई' हा शब्द. पाणचट चहा ते निदान तोंड वाकडं करून पिऊन टाकत. 'वुई' मात्र त्यांच्या घशाखाली उतरत नसे. कोणीही, कितीही मोठ्या हुद्द्याचा माणूस मीटिंगमध्ये 'वुई' म्हणाला की टेबलाच्या टोकाकडून प्रश्न आलाच म्हणून समजा, "आम्ही की आपण?"

मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तो सिंगापूरच्या नोकरीतल्या माझ्या तिसऱ्या दिवशी. दोन हजार तेरा-चौदाची गोष्ट. तिथल्या वन-नॉर्थ भागात आमचं ऑफिस होतं. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर आम्ही बनवत असू. कोणत्या पेशंटला कोणत्या तारखेला बोलवायचं, त्याला फोनवर निरोप कधी जायचा, असली कामं. मी पुण्याहून नवी कोरी आलेली, इस्त्रीचा शर्ट, अंगात उत्साह. मीटिंगमध्ये ठसक्यात म्हणाले, "वुई विल डू इट बाय थर्सडे." तेवढ्यात एक उंच, किंचित वाकलेला, अर्ध्या बाह्यांचा विणलेला स्वेटर घातलेला माणूस शुद्ध मराठीत मला विचारता झाला, "आम्ही की आपण?"

मी गार पडले. एक तर परक्या देशात, भर मीटिंगमध्ये, चार चिनी, दोन तमिळ आणि एका मलाय बाईसमोर हा गृहस्थ मराठीत बोलतोय. वर सगळे माझ्याकडे बघून हसतायत, म्हणजे त्यांना प्रश्न कळलाय आणि मलाच कळला नाहीये!

नंतर पँट्रीत त्यांनी समजावून सांगितलं. "हे बघा, 'आम्ही करू' म्हणालात तर मी घरी जायला मोकळा. 'आपण करू' म्हणालात तर मलाही बसायला हवं. इंग्रजीत दोन्हीला वुई. मग गुरुवारी मी घरी वरणभात खातोय आणि तुम्ही इथे माझी वाट बघताय, असं होतं. आणि शुक्रवारी दोघंही म्हणतो, वुई मिस्ड इट."

"अहो, पण इतकं काय त्यात?" मी म्हणाले.

"काही नाही. एवढ्या एका शब्दामागे अख्खी कंपनी लपते, इतकंच."

आठल्ये आमच्याकडे रिलीज मॅनेजर होते. तयार झालेलं काम दवाखान्यांकडे पाठवायचं बटण त्यांच्या हातात. त्यांनी बटण दाबल्याशिवाय काही बाहेर जात नसे आणि दाबल्यावर परत येत नसे. त्यामुळे असेल, पण या माणसाला कुठलीही गोष्ट बिननावाची ठेवायची सवयच नव्हती. इथल्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला जागा धरायची तर लोक टेबलावर टिश्यू पेपरचं पाकीट ठेवून जातात. ते पाकीट कोणाचं, हे कोणी विचारत नाही आणि ते कोणी हलवतही नाही. आठल्ये त्या पाकिटावर पेनाने लिहीत, 'आठल्ये, पाच मिनिटांत येतो.' सहाव्या मिनिटाला आले तर शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी चिनी आजोबांना सॉरी म्हणत. आजोबांना वाटे, हा वेडा आहे. आम्हालाही अधूनमधून वाटे.

त्यांच्या टेबलामागे एक पांढरा फळा होता. त्यावर दर शुक्रवारी ते लिहीत, 'या आठवड्यातल्या माझ्या चुका.' खाली आकडे घालून यादी. एक, बुधवारचा निरोप चुकीच्या माणसाला गेला. दोन, ज्यांच्याबद्दल बोलत होतो ते मागेच उभे होते. तीन, पाहुण्यांसाठी आणलेली बिस्किटं संपवली. मी एकदा म्हटलं, "बिस्किटांचं कशाला लिहिता? कोणाला कळलंही नसतं." तर म्हणाले, "म्हणून तर लिहिलं."

आता ही मलाय बाई. रोस्नाह तिचं नाव. सॉफ्टवेअर बाहेर जाण्यापूर्वी तपासायचं काम तिचं. पंचेचाळिशीची, डोक्याला कायम सुरेख रंगाचा रुमाल, कंपनीत आमच्या सगळ्यांच्या आधीपासून. घरात कमावणारी ती एकटी, आई अंथरुणाला खिळलेली. आठल्यांचा प्रश्न तिला पहिल्या झटक्यात कळला होता. कारण मलायमध्येही असेच दोन शब्द आहेत, 'कामी' म्हणजे आम्ही आणि 'किता' म्हणजे आपण. हे कळलं त्या दिवशी आठल्यांना जो आनंद झाला, तो मी प्रत्यक्ष पाहिलाय. हरवलेली बहीण सापडावी तसा चेहरा! तेव्हापासून मीटिंगमध्ये दोघांची जुगलबंदी सुरू झाली. कोणी वुई म्हणालं की हे म्हणायचे, "आम्ही की आपण?" आणि पलीकडून रोस्नाह, इथल्या बोलीतली 'लाह'ची शेपटी लावून, म्हणायची, "कामी ऑर किता, लाह?" बाकीच्या आयुष्यात तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन शब्द मात्र अगदी स्पष्ट, पुणेरी उच्चारात. 'आपण'मधला 'ण' ती माझ्या मुंबईच्या नवऱ्यापेक्षा चांगला म्हणायची.

आता कोणी म्हणेल, मराठीत बाई सगळं स्वच्छ आहे तर! कुठलं स्वच्छ? सिंगापुरातल्या आम्हा मराठी मंडळींचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. गणपतीच्या आधी कोणीतरी लिहिलं, 'यंदा आपण उकडीचे मोदक करू या.' लगेच चाळीस अंगठे. 'हो हो, आपण करू.' 'मस्त, आपण करूच.' आठल्यांनी विचारलं, 'आपण म्हणजे कोण कोण?' त्यावर एकीने हसरा चेहरा टाकला. आणि चतुर्थीला सगळे नटूनथटून बिशान भागातल्या हॉलमध्ये जमलो तर एकाही घरातून एकही मोदक आलेला नाही. प्रत्येकाला वाटलं होतं, ते 'आपण' करणार आहेत. शेवटी बाप्पापुढे दुकानातले पेढे. सुनंदावहिनी, म्हणजे आठल्यांच्या पत्नी, तेव्हा सगळ्यांदेखत त्यांना म्हणाल्या, "प्रश्न विचारण्यापेक्षा एकवीस मोदक केले असते तर?" आठल्ये घरी गेले आणि त्या शुक्रवारी फळ्यावर पहिला नंबर लागला, 'मोदक केले नाहीत.' ऑफिसातल्या चिनी पोरी विचारत होत्या, व्हॉट इज मोदक?

अशा माणसाच्या ऑफिसात खिडकी आली. म्हणजे ती आली शेखरमुळे.

शेखर आमचा नवा डायरेक्टर. मुंबईचा, चाळिशीतला, बोलायला गोड, चालायला भरभर. रॅफल्स प्लेसच्या कुठल्याशा बँकेतून आमच्याकडे आला तो 'ओपननेस' हा शब्द घेऊनच. पहिल्याच महिन्यात त्याने कंपनीत इंटरनेटवर एक पान सुरू केलं. नाव विंडो. कोणीही, काहीही, कोणालाही विचारावं, आपल्या नावाने विचारावं आणि वरिष्ठांनी तिथेच सगळ्यांसमोर उत्तर द्यावं. लिहिलेलं पुसता येणार नाही. आणि गंमत म्हणजे प्रत्येक मजकुराखाली तो कोणी कोणी वाचला, त्यांची नावं आपोआप उमटणार. "आजपासून या कंपनीला भिंती नाहीत," शेखर भाषणात म्हणाला. त्याच आठवड्यात त्याच्या केबिनच्या काचांना आतलं दिसू नये म्हणून दुधी कागद चिकटवला गेला, पण तो म्हणे उन्हामुळे.

त्याच भाषणात त्याने आणखी एक फर्मान काढलं आणि विंडोवर लिहूनही टाकलं. सर-मॅडम बंद. सगळे पहिल्या नावाने. आणि आम्हा मराठी मंडळींसाठी खास एक ओळ, 'गाइज, नो अहो-जाहो, नो तुम्ही-आपण. ओन्ली तू. रिस्पेक्ट इज इन द हार्ट.' त्या दिवसापासून स्वतःपेक्षा बारा वर्षांनी मोठ्या आठल्यांना तो "अरे आठल्या" म्हणू लागला. आठल्ये त्याला "अहो शेखर" म्हणत राहिले. विचारलं तर म्हणाले, "हृदयात जागा कमी आहे हो माझ्या, थोडा आदर तोंडात ठेवावा लागतो."

त्या खिडकीची राखण माझ्याकडे आली. कोणी काय विचारलंय त्याची नोंद ठेवायची, उत्तरांची आठवण करायची, वाद फार वाढला तर चर्चा बंद करायचं बटण दाबायचं. आणि हे सांगायला लाज वाटते, पण सांगतेच: कोणी काही विचारेना तेव्हा आदल्या दिवशी शेखर मला चांगले प्रश्न पाठवायचा आणि मी ते कोणाकोणाला विचारायला लावायचे. 'शेखर, तू इतकं काम करूनही फिट कसा राहतोस?' हा प्रश्न माझ्या हातून पेरलेला आहे. उत्तर सव्वा पानाचं आलं होतं.

आठल्ये मात्र त्या खिडकीत मनापासून जाऊन बसले. सगळ्या कंपनीत तिच्यावर खराखुरा विश्वास ठेवणारा हा एकटाच माणूस. फळ्यावरची चुकांची यादी ते आता विंडोवर टाकू लागले. खाली लोक लिहायचे, 'ग्रेट शेअरिंग!' मी त्यांना हळूच म्हटलं, "आठल्ये, हे सगळं दिखाव्याचं आहे हो. खरं काय ते वरिष्ठांच्या ग्रुपवर ठरतं."

"असेल," ते म्हणाले. "पण पुसता येत नाही ना? मग झालं तर. दिखाव्याची असली तरी खिडकीतून उजेड खराच येतो."

आणि मग तो शुक्रवार आला.

दुपारी पँट्रीत आम्ही तिघंच होतो. आठल्ये चहा उकळत होते, उकळत म्हणजे अक्षरशः उकळत, त्यासाठी घरून भांडं आणलेलं. रोस्नाह कपात मायलो ढवळत होती. मी मोबाइलमध्ये. शेखर घाईने आत आला. नवं काम दवाखान्यांकडे आजच जायला हवं होतं, मुख्यालयाला शब्द दिला होता. रोस्नाह म्हणाली, "नॉट फिनिश्ड, लाह. तारखांचं तपासायचं राहिलंय. मला दोन दिवस हवेत." शेखर तिच्याकडे बघून गोड हसला आणि आठल्यांकडे वळून मराठीत म्हणाला, "अरे आठल्या, लाव आजच. तपासणीचं काय ते आपण सोमवारी बघू."

मराठीत का? तर रोस्नाहला कळू नये म्हणून. आपली ही जुनी सवय. चार परकी माणसं असली की आपण मराठीत शिरतो आणि समजतो की दार लावून घेतलं.

आठल्यांनी रोस्नाहकडे बघितलं. मग गॅस, म्हणजे तिथली ती विजेची शेगडी, बंद केली आणि जाऊन बटण दाबलं.

सोमवारी काय झालं असेल? नव्या कामात तारीख आणि महिना उलटसुलट झाले होते. सात मार्चला यायचं त्यांना तीन जुलैचा निरोप, तीन जुलैवाल्यांना सात मार्चचा. दवाखान्यांत म्हाताऱ्या माणसांची ही गर्दी, आणि ज्यांना खरंच यायचं होतं ते घरी. कोणाच्या जिवावर बेतलं नाही, हे नशीब. फोन खणखणायला लागले.

मंगळवारी सकाळी विंडोवर शेखरचा मजकूर आला. मला तो जवळपास पाठ आहे. 'वुई तपासणीतली एक त्रुटी शोधून काढली आहे. वुई याची पूर्ण जबाबदारी घेतो. वुई संबंधित व्यक्तीवर योग्य ती कारवाई करत आहोत.' संबंधित व्यक्तीचं नाव नव्हतं. पण तपासणारी बाई एकच होती. रोस्नाह टेबलाशी बसून तो मजकूर पुन्हा पुन्हा वाचत होती. अकरा वाजता तिला एचआरकडून बोलावणं आलं, गुरुवारी भेटा म्हणून.

सव्वाअकराला शेखरच्या मजकुराखाली एक ओळ आली. 'प्रिय शेखर, यातला पहिला वुई, दुसरा वुई आणि तिसरा वुई, यांतला कामी कोणता आणि किता कोणता? आठल्ये.'

ऑफिसात खसखस पिकली. शेखरने नुसता अंगठा टाकला.

मी आठल्यांच्या टेबलाशी गेले. घाबरून म्हटलं, "अहो, काय करताय? मुक्ताची दहावी आहे ना यंदा?" मुक्ता त्यांची मुलगी. इथल्या शाळेत, यंदा ओ लेव्हलची परीक्षा. आमचं इथलं सगळं अस्तित्व एम्प्लॉयमेंट पासवर. नोकरी गेली की पास गेला, पास गेला की महिन्याभरात बाडबिस्तरा. हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

"आहे ना," आठल्ये म्हणाले. "काल तिलाच विचारलं. म्हणाली, बाबा, इफ यू डिड इट, जस्ट से लाह." आणि ते टाइप करायला लागले.

त्यांचा मजकूर दुपारी आला. इंग्रजीत होता, पण पहिला शब्द देवनागरीत होता. 'मी.' पुढे लिहिलं होतं, 'आमच्या भाषेत याचा अर्थ आय. तपासणीत त्रुटी नव्हती. तपासणी झालेलीच नव्हती. रोस्नाहने मला स्पष्ट सांगितलं होतं की काम अपुरं आहे. ते मी ऐकलं आणि तरीही बटण दाबलं. नाही म्हणण्याचा अधिकार माझा होता. मी तो वापरला नाही. शुक्रवारी पँट्रीत असं ठरलं की तपासणीचं आपण सोमवारी बघू. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी आपण या शब्दाचा अर्थ सांगितलेला आहे. बोलणारा आणि ऐकणारा, दोघं मिळून आपण. म्हणजे इथे दोन नावं हवीत. त्यातलं माझं मी लिहिलं आहे.'

सगळे वाचत होते. मजकुराखाली नावं उमटत होती, भराभर. सगळ्यात पहिलं नाव माझं होतं.

दहा मिनिटांनी रोस्नाहची ओळ आली. 'मी तिथे होते. मला मराठी येत नाही. मला मराठीचे फक्त दोन शब्द येतात. तो आपण म्हणाला.'

मी खरं सांगते, मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. दार लावून घेतलं असं समजून शेखर बोलला आणि नेमका जो एक शब्द त्या बाईला कळत होता तोच वापरून बसला! मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी स्क्रीनकडे बघत राहिले.

आता मुख्यालयातले लोकही वाचायला लागले होते, त्यामुळे शेखरला लिहिणं भाग होतं. आणि काय लिहिलं म्हणता? त्याने सगळ्या कंपनीला मराठीचं व्याकरण शिकवलं! 'मित्रांनो, एक सांस्कृतिक गैरसमज दूर करू इच्छितो. मराठीत आपण हा शब्द आदरार्थी 'यू' म्हणूनही वापरतात, मोठ्यांशी बोलताना. मधुकर मला वडीलधारे आहेत. मी त्यांना आदराने म्हणालो की तपासणीचं आपण, म्हणजे आपण स्वतः, सोमवारी बघा. निर्णय सर्वस्वी त्यांचा होता.'

वाचून चहा नाकात गेला माझ्या. आपण! शेखर, आणि आठल्यांना आपण!

आठल्यांनी उत्तरादाखल आधी फक्त एक दुवा चिकटवला. उघडला की शेखरचाच जुना मजकूर, 'नो अहो-जाहो, नो तुम्ही-आपण. ओन्ली तू.' पुसता येत नव्हतं ना ते. शेखरच्याच कृपेने. आणि त्याखाली मग दोन ओळी. 'शिवाय फरक क्रियापदात असतो. आपण बघा म्हटलं तर तुम्ही. आपण बघू म्हटलं तर दोघं. त्या वेळी मराठी समजणारी आणखी एक व्यक्ती तिथे हजर होती. क्रियापद कोणतं होतं, ते तिला सांगता येईल.'

माझं नाव त्यांनी लिहिलं नाही. लिहायची गरजही नव्हती. कंपनीत मराठी माणसं तीन.

रोस्नाहने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. आठल्ये पाठमोरे बसले होते. त्यांनी मान वळवली नाही.

एक शब्द लिहायचा होता हो. दोन अक्षरं. बघू. मी टाइपही केला. तेवढ्यात शेखरने केबिनमध्ये बोलावलं. दुधी काचेच्या आत त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. माझा पीआरचा, म्हणजे सिंगापुरात कायम राहायच्या परवान्याचा, अर्ज तेव्हा आत गेलेला होता आणि कंपनीचं पत्र त्याच्या सहीने जायचं होतं. त्याचा त्याने उल्लेखही केला नाही. एवढंच विचारलं, "तुला काय आठवतंय ग? मी काय म्हणालो?"

मी म्हणाले, "क्रियापद नीट ऐकू आलं नाही मला."

"बरोबर," शेखर म्हणाला. "तू मोबाइलमध्ये होतीस. आणि एक कर, ती चर्चा बंद करून टाक. फार पर्सनल होतंय."

मी जागेवर आले आणि बटण दाबलं. खाली आपोआप ओळ उमटली, 'तुमच्या मोकळेपणाबद्दल वुई आभारी आहोत. ही चर्चा आता बंद आहे.' आठल्यांनी एक बटण दाबलं आणि सगळ्यांदेखत कबूल केलं. मी एक दाबलं आणि त्यावर माझं नाव कुठेच आलं नाही.

आता खिडकी अगदीच फुकट गेली असं नाही हं. उलट तिने कबूल केलेलं सगळं केलं. मुख्यालयाने सगळं वाचलं होतं. रोस्नाहची गुरुवारची भेट रद्द झाली. तिची नोकरी राहिली, ती केवळ त्या एका 'मी'मुळे. मुख्यालयाने आठल्यांच्या 'अनुकरणीय मोकळेपणा'चं कौतुक करणारं पत्र पाठवलं, आणि दोन महिन्यांनी संपणारा त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. शेखरला बढती मिळून तो मोठ्या शहरात गेला. तिथे तो ओपननेसवर भाषणं देतो. त्यात आठल्यांचा 'मी' मजकूर पडद्यावर दाखवतो म्हणे, नाव काढून. 'आमचा एक सहकारी' एवढंच. माझा पीआर झाला.

निरोपाला ऑफिसात केक कापला. कार्डावर कोणीतरी छापून आणलं होतं, 'वुई विल मिस यू.' रोस्नाहने पेन घेऊन 'वुई'वर काट मारली आणि वर लिहिलं, 'किता', म्हणजे आपण, ऐकणाराही त्यात आला. मग आठल्यांना म्हणाली, "अंकल, यू आल्सो मिस यू, राइट?" ते इतके हसले की चष्मा काढावा लागला. मुक्ताला शाळेमुळे विद्यार्थ्यांचा वेगळा पास मिळाला, पण परीक्षा होईपर्यंत ती कुठे राहणार, असा प्रश्न होता. मी आधीच ठरवून टाकलं होतं, आमच्या काँडोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, एक खोली रिकामी आहे, हे सांगायचं. सांगितलं तर वहिनी म्हणाल्या, "सोय झाली ग. रोस्नाहकडे राहील." आई अंथरुणावर असलेल्या त्या बाईने दोन खोल्यांच्या घरात मुक्तासाठी जागा केली होती, आणि शाकाहारी स्वयंपाकासाठी वेगळी कढई, वेगळा झारा आणून ठेवला होता.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एका रविवारी सकाळी, बिशानला, त्यांच्या ब्लॉकखाली. पुण्याला परतायचं म्हणून टॅक्सी उभी होती. वहिनी आणि मुक्ता बॅगा आत ठेवत होत्या. आठल्ये तो स्वेटर घालून हातात कढीपत्त्याची कुंडी घेऊन उभे, रोस्नाहला द्यायची म्हणून. रोस्नाह आली, कुंडी घेतली, पानाचा वास घेतला. ते तिला किती पाणी घालायचं ते सांगत होते. माझ्याशीही नीट बोलले, अगदी नेहमीसारखे. पीआर झाल्याबद्दल अभिनंदन केलं. चहा कोणत्या ब्रँडचा घ्यायचा ते पुन्हा बजावलं. त्या दिवसाबद्दल चकार शब्द नाही.

मला मात्र राहवेना. ओरडून सांगावंसं वाटत होतं की ऐकलं होतं मी, सगळं स्पष्ट ऐकलं होतं. जिभेवर आलं होतं, आणि तोंडातून निघालं ते भलतंच. म्हणाले, "पुण्याला आले की आपण नक्की भेटू हं, आठल्ये."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता विचारणार, आम्ही की आपण? नाही विचारलं. चष्मा काढून स्वेटरला पुसला, परत लावला, टॅक्सीचं दार उघडलं.

"बघू," ते म्हणाले.

या वेळी क्रियापद मला नीट ऐकू आलं.